नवरीच्या नावाची जागा

मानपाड्याच्या त्या संकुलातल्या इमारतींना ग्रहांची नावं आहेत. बुध, शुक्र, मंगळ, गुरू. शनी नाही, शनीत फ्लॅट घेणार कोण? गेटवरच्या वॉचमनने मला विचारलं, कुठल्या ग्रहावर जायचंय, आणि त्याला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. दिवसभर तेच विचारत असणार बिचारा. हरेश असता तर तिथेच खाली बसून पोट धरून हसला असता.

मी आत शिरले आणि सवयीने उजवीकडे वळले. तिथे आता गाड्या ठेवायची जागा आहे. पूर्वी हरेशचं घर होतं. पुढे ओटा, ओट्याखाली सारवलेलं अंगण, अंगणात एक रायवळ आंबा आणि मागे थेट कारखान्यांच्या भिंतीपर्यंत भाताची खाचरं. मी त्या गाड्यांमध्ये जरा उभी राहिले. रबराचा आणि पेट्रोलचा वास येत होता. त्याच्याखाली दुसरा एखादा वास उरलाय का, म्हणून मी खोल श्वास घेऊन बघितला. काही नव्हतं. एक बाई गाडी काढायला आली, तिने मला काही हवंय का विचारलं, आणि मी लिफ्टकडे गेले.

मंगळमध्ये सानिका राहते. पंचविशीची, चटपटीत मुलगी. आपल्या झोपायच्या खोलीतूनच ती लोकांचं संगीत प्रसिद्ध करते. तिने ‘आभाळाची हळद’ बाहेर काढला होता. हरेशने आणि मी मिळून केलेला एकुलता एक अल्बम. मूळचे चार तुकडे, आणि त्यानंतर चार रीमिक्स. म्हणजे आमचं संगीत चार अनोळखी माणसांनी उसवून आपापल्या मापाने पुन्हा शिवलेलं. अवकाशावरचं प्रायोगिक इलेक्ट्रॉनिक संगीत, असं तिने त्याच्याखाली लिहिलं होतं. आम्ही केलं तेव्हा त्याला असं भारदस्त नाव नव्हतं. हरेशच्या बँडमधली पोरं त्याला ‘हरेशची भुतं’ म्हणायची.

सानिकाने माझ्या हातात कॅसेट ठेवली. काळ्यावर एक पिवळा डाग, बास, एवढंच चित्र. कॅसेट कशाला काढलीस, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आता लोकांना परत हौस आलीये. माझा कॅसेट प्लेअर केव्हाच भंगारात गेला होता. तिने खुर्ची पुढे केली, मोठे हेडफोन माझ्या कानांवर चढवले आणि विचारलं, पहिल्यापासून लावू का. मी म्हटलं, तिसरा तुकडा लाव. मला त्या सगळ्यात फक्त एक जागा ऐकायची होती. श्वास घेऊन सोडण्याइतकीच छोटी. त्या जागेत हरेश आहे. दुसरीकडे कुठेच नाही.

हरेश कल्याणच्या कॉलेजात माझ्या वर्गात होता. मी ठाण्याची, टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीतली. वडील नोकरदार, घरात पुस्तकं, गच्चीत एक छोटी दुर्बीण, आणि बोलणं असं की पाहुण्यांना वाटावं आमच्याकडे कुणी कधी भांडतच नाही. तो या गावातला, आगऱ्यांचा. लग्नांच्या, हळदीच्या मोसमात बेंजो पार्टीत, म्हणजे नाचाच्या बँडमध्ये, कीबोर्ड आणि पॅड वाजवायचा, म्हणून मार्चपासून त्याची वर्गातली जागा रिकामी असायची. एकदा प्रॅक्टिकलला त्याने मला विचारलं, शनी कसा वाजत असेल गं? मी शहाणपणाने सांगितलं, अवकाशात हवा नाही, हवा नाही तर आवाज नाही, शनी वाजत नाही. त्याने मान डोलावली. मग जरा वेळाने म्हणाला, “म्हंजे अजून कोनी वाजवला नाय. मग आपन वाजवू ना.”

त्या एका ‘आपन’वर मी पुढची सगळी वर्षं काढली.

त्याची खोली माळ्यावर होती. चढायला लाकडी शिडी. वर पत्रा, त्यामुळे एप्रिलमध्ये आत भाजून निघायचं. कोपऱ्यात त्याचा कीबोर्ड, त्याच्या कितीतरी पट्ट्या हळदीने पिवळ्या झालेल्या. लोक नाचता नाचता येऊन वाजवणाऱ्यांच्या हातातोंडालाही हळद फासायचे, आणि त्याच हातांनी हा वाजवायचा. पॅडच्या रबरालाही तो वास बसला होता. हळद, गोडं तेल, घाम आणि जनरेटरचा धूर. आजही कुठल्या मांडवाजवळून जाताना तो वास आला की माझे पाय थांबतात. बरोबरच्या माणसाला वाटतं, बाईंना नाच बघायचाय.

त्या माळ्यावर आम्ही ग्रह वाजवले. जुन्या रेडिओला लांब वायर जोडून ती आंब्यावर टाकली होती, कारण मी कुठेतरी वाचलं होतं की गुरूची खरखर रेडिओवर पकडता येते. आम्हाला गुरू सापडला की शेजारच्या गिरणीची मोटर, देव जाणे. हरेशने ती खरखर कम्प्युटरवर घेतली, हळू केली, उलटी केली, आणि तिच्याखाली हळदीचा ठेका इतका संथ करून लावला की दोन ठोक्यांच्या मध्ये माणूस शिडी उतरून पाणी पिऊन येईल. कारखान्यांची घरघर त्याने भिंतीला माइक लावून घेतली. पावसाळ्यात खाचरांतल्या बेडकांचा आवाज घेतला आणि त्याची उल्कावृष्टी केली. नाल्याचं पाणी कधी गुलाबी, कधी हिरवं वाहायचं. वारा इकडचा असला की सडक्या बदामांसारखा वास यायचा, डोळे चुरचुरायचे. नाल्याच्या कठड्यावर बसून तो म्हणायचा, दुसरा ग्रह बघायला दुर्बीण कशाला पाहिजे, हा काय इथे आहे. मी हसायचे. माझ्या नाकाला रुमाल असायचा, त्याच्या नसायचा.

आणि जनाबाय. हरेशची आई. नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसलेली, आवाज असा की खालून हाक मारली तर पत्रा थरथरावा. ती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. ती धवले गाते आणि गाण्यातूनच लग्न पुढे सरकतं. जनाबाय देवांना बोलवायची, पितरांना बोलवायची, मग सूर्याला, चंद्राला, एकेका चांदणीला आवतण द्यायची, या, मांडवाखाली बसा. मग नवऱ्याचं नाव, मग नवरीचं नाव. ते ऐकल्यापासून हरेशच्या डोक्यात एकच होतं. आभाळाला घरच्या माणसांसारखं हाक मारणारी बाई आपल्याच घरात आहे, आणि आपण रेडिओला वायरी जोडत बसलोय.

पण जनाबायचा नियम होता. मांडव नसेल तर धवला नाही. उगाच देवांना बोलवायचं आणि ते आले की सांगायचं, काही नाही, गंमत केली? त्याने आठवडाभर तिच्यामागे भुणभुण लावली. शेवटी ती वैतागून म्हणाली, घाल मग मांडव.

त्याने घातला. खालच्या खोलीत चार कोपऱ्यांना चार बांबू, वर जुनी साडी, आंब्याचे टहाळे. दुपारची वेळ होती. जनाबाय हात धुऊन आली, मांडव बघून आधी हसली आणि मग अगदी गंभीर झाली. म्हणाली, मांडवाखाली नवरा पायजे. म्हणून हरेशला पाटावर बसवलं. नवऱ्याला हळद पायजे, म्हणून वाटीत हळद कालवून त्याच्या गालांना, हातांना लावली. मी समोर वायरींच्या वेटोळ्यात माइक धरून बसले होते. हळद लावून झाल्यावर तिच्या बोटांना उरली होती. ती पुसायला तिने इकडेतिकडे फडकं बघितलं, ते सापडलं नाही, आणि मग तिने ती बोटं माझ्या मनगटावर पुसली. सहज. नवऱ्याची उष्टी हळद नवरीकडे जाते, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यालाही होतं. मी माइक पुन्हा सरळ धरला.

मग ती गायली. सूर्य आला, चंद्र आला, चांदण्या आल्या. नवऱ्याच्या नावाच्या जागी तिने ‘हरेश’ घातलं, तिच्यापुढे तोच तर होता. आणि नवरीच्या नावाशी येऊन ती थांबली. सुरावरच थांबली. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती जागा मी इतक्यांदा ऐकलीय की मला तिच्यातला कण अन् कण पाठ आहे. पंख्याचा आवाज. जनाबायच्या बांगड्या, कारण तिने हात पुढे केला होता. लांबवर कारखान्याचा भोंगा. आणि हरेश नाकातून हसला, तो आवाज. शब्द नाही, सूर नाही, नुसतं नाकातून निघालेलं लाजरं हसू. मग जनाबायने नाव न घेताच ‘नवरी’ एवढंच म्हटलं आणि गाणं पुढे गेलं.

आम्हा तिघांनाही वाटलं, घाई काय आहे. नाव घालायला उभा जन्म पडलाय.

त्याने तो तुकडा पूर्ण केला तेव्हा मी म्हटलं, मधलं ते थांबणं काप, कच्चं वाटतं. त्याने ऐकलं नाही. तो म्हणाला, ‘ती जागा राखून ठेवलीय.’ यापलीकडे आमच्यात त्याविषयी कधी एक अक्षर झालं नाही. माझ्या मनगटावरची हळद निघायला दिवस लागले. घरी आईने विचारलं तेव्हा मी भाजीचं नाव सांगितलं.

मग हरेश गेला. कसा गेला ते मी लिहिणार नाही. लिहून काही वेगळं होणार असतं तर लिहिलं असतं. इथली जमीन गेली, आंबा गेला, माळा गेला, त्याचा कम्प्युटर कुणी कुठे नेला ते कळलं नाही. जनाबायने त्यानंतर एकाही लग्नात धवला गायला नाही. लोक बोलवायला यायचे, ती त्यांना चहा द्यायची आणि परत पाठवायची. माझं लग्न ठाण्याला हॉलमध्ये झालं. मंगलाष्टकांत माझं नाव स्पष्ट उच्चारात घेतलं गेलं, दोन्हीकडची माणसं खूश होती. नवरा भला आहे. मला मात्र हरेश हवा होता. हे वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं; आता लिहून टाकते, कुणाचं काय जातंय.

माझ्याकडे उरली होती एक सीडी. त्याने स्वतः भरलेली, वर स्केचपेनने नाव लिहिलेलं. ती मी कपाटात रेशमी साड्यांच्या घडीत ठेवली होती आणि घरात कुणी नसलं की लावायचे. पहिले दोन तुकडे पुढे ढकलायचे, तिसरा लावायचे, त्या जागेपर्यंत यायचे, ऐकायचे आणि बंद करायचे. बँडमधल्या कुणाकडून तरी सानिकाला या अल्बमबद्दल कळलं. विचारत विचारत ती माझ्या दारात आली. किती आनंद झाला होता मला तेव्हा. वाटलं, हरेशचं नाव चार माणसांत जाईल. जग त्याच्या संगीताला भुतं म्हणणार नाही. मी सीडी तिला दिली. तिने जपून नेली, कॉपी केली, जपून आणूनही दिली. पण सीडी थकलेली होती. त्यानंतर मी लावायला गेले तर नुसता घरघरल्याचा आवाज आला, आणि मागचा चंदेरी मुलामा अभ्रकासारखा सुटून माझ्या बोटांना लागला. मी म्हटलं, असू दे, सानिकाकडे आहे ना.

तर मी मंगळमध्ये बसले होते, कानांवर हेडफोन. तिसरा तुकडा सुरू झाला. गुरूची खरखर आता खरखर राहिली नव्हती, चांगली धुतलेली, इस्त्री केलेली होती. ठेका छातीत वाजत होता. जनाबाय आली. इतकी स्वच्छ, की मी दचकले. तिचा आवाज कधी पत्र्याशिवाय ऐकलाच नव्हता. सूर्य आला, चंद्र आला, चांदण्या आल्या. हरेशचं नाव आलं. मी डोळे मिटले.

आणि ‘नवरी’ आलं. लगेच. नावाला नाव चिकटावं तसं. गाणं पुढे गेलं.

मी म्हटलं, मागे घे. तिने घेतलं. पुन्हा तेच. मी तिला विचारलं, इथे एक थांबणं होतं, ते कुठे आहे? तिला पटकन आठवलं. तिचा चेहरा उजळला, आपलं काम माझ्या लक्षात आलं म्हणून. म्हणाली, “हो मॅम, तिथे मधेच रिकामं होतं, पंखा वगैरे येत होता. ते मी काढलं. ऐकणारा अशा जागी सोडून जातो.” मी विचारलं, न धुतलेली कॉपी असेल ना तुझ्याकडे? तिने कम्प्युटरमध्ये शोधलं, मग दुसऱ्या डिस्कमध्ये शोधलं, मग तिचा शोधायचा वेग कमी झाला. तिने त्या एकाच कॉपीवर काम केलं होतं. रीमिक्सवाल्यांना पाठवलं तेही धुतलेलंच. तरी मी चारही ऐकले. एकाने जनाबायचा आवाज ताणून ताणून जहाजाच्या भोंग्याएवढा केला होता. एकाने नुसता ठेका ठेवला होता. एकात उपग्रहाची टिकटिक होती. चौथ्यात काय होतं आठवत नाही. चांगले असतील. लोकांनी खाली चांगलं लिहिलंय. कुणीतरी लिहिलंय की हे ऐकताना अवकाशाची पोकळी जाणवते.

सानिका रडवेली झाली होती. तिने विचारलं, त्या जागेत काय होतं? मी म्हटलं, काही नव्हतं गं, पंखा होता. तिच्यावर रागावून करायचं काय? तिने स्वच्छ केलं. आपल्या घरातही आलेल्या माणसाने घर स्वच्छ केलं तर आपण त्याला शाबासकीच देतो.

जनाबाय शुक्रात राहते. जमिनीच्या बदल्यात त्यांना तिथे घर मिळालं. खाली उतरून मी तशीच तिच्याकडे गेले. का गेले ते सांगता येत नाही. ठाण्याला परत जाऊन कपाटासमोर बसवलं नसतं. तिने दार उघडलं. नऊवारी तशीच, आत माणूस अर्ध्याहून कमी. मला बघून म्हणाली, ये गो, बस. हॉलमध्ये पंखा चालू होता, खिडकीच्या पट्टीवर मीठ लावलेले सुके बोंबील पसरलेले. तेवढ्या एका वासासाठी मला तिच्या पायांशी बसावंसं वाटलं, आणि मी बसलेच.

मी तिला सांगितलं, हरेशचं ते गाणं बाहेर आलंय, लांबलांबचे लोक ऐकतात. ऐकवते का, तिने विचारलं. मी फोनवर तिसरा तुकडा लावला आणि तिच्या हातात दिला. तिने फोन कानाशी धरला, घागर धरावी तसा दोन्ही हातांनी. स्वतःचा आवाज ओळखून तिने मान हलवली. सूर्य आला, चंद्र आला. तिचे ओठ बरोबर हलत होते. नाव आलं तेव्हा ते थांबले. आणि फोनमधलं गाणं तिला मागे ठेवून पुढे निघून गेलं.

“इथं मी थांबलेली गो,” ती म्हणाली. “ती जागा कुठं गेली?”

इतक्या लोकांनी ऐकलं होतं. चार जणांनी उसवून बघितलं होतं. ती जागा गेल्याचं माझ्याखेरीज एवढ्या एका बाईला कळलं. मी तिला सांगितलं, काढली. चुकून काढली. परत येणार नाही.

तिने फोन खाली ठेवला. खिडकीबाहेर, गाड्या ठेवायच्या जागेकडे बघितलं. मग तिने घसा साफ केला आणि अगदी हळू, पत्रा तर सोडाच पण फोनही थरथरणार नाही अशा आवाजात, चांदण्यांना हाक मारायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मांडव नसताना. एकेक चांदणी आली. हरेशचं नाव तिने घेतलं, त्यात तिचा सूर तुटला, तो तिने पुन्हा जुळवला. आणि त्या जागी येऊन ती थांबली. तिने हात पुढे केला. माझ्याकडे बघितलं.

मी तोंड उघडलं.

“राहू दे गो बाय,” ती म्हणाली. “आता नवराच नाय, तं नवरीचा नाव कशाला.”

सगळं तसंच होतं. पंखा फिरत होता. तिचा पुढे केलेला हात मागे गेला, तशा बांगड्या वाजल्या. कारखान्यांच्या बाजूला कुठेतरी भोंगा झाला. मी कान देऊन बसले होते. नाकातून कुणी हसलं नाही.